मॉन्टेबेरोचा हौद

जेवणं आटोपली होती. अमेरिकेतल्या हर्नडनच्या घरामागच्या लाकडी डेकवर अंधारात मुलं बसली होती. निधी फोन पुढे करून म्हणाली, "काका, नेक्स्ट वीकेंडला मॉन्टेबेरोला जाऊ या? सो क्यूट आहे!"

मोरेश्वरकाकांनी नाक मुरडलं. "क्यूट कसलं डोंबलाचं! डोंगरावर चाळीस दगडी घरं, एक घंटेचा मनोरा आणि दारोदारी वाइन. सव्वाशे वर्षांपूर्वी रेल्वेसाठी दगड फोडायला आलेले इटालियन तिथेच राहिले, त्यांनी द्राक्षं लावली. बायका हौदात उतरून अनवाणी द्राक्षं तुडवायच्या. झाला इतिहास! आणि लोक आंबट पाणी तोंडात घोळवत माना डोलावतात. आमचा सुमंत त्यातलाच."

"मराठी मंडळाचे सुमंतकाका?" ऋषीने विचारलं.

"तोच." आणि काका सांगू लागले.

गेल्या सप्टेंबरची वीस तारीख, शनिवार. ऐन पितृपक्षात मंडळाने वाइन टूर काढली होती, कारण नवरात्रात म्हणे सगळे बिझी. सुमंत अध्यक्ष. त्याचे वडील श्रीरंगराव पुण्यात दोन महिने अंथरुणाला खिळलेले. डॉक्टर म्हणाले होते, भेटायचं तर लगेच या. रविवारी संध्याकाळचं विमान होतं, तरी या शहाण्याला टूर सोडवेना.

जुन्या हौदाच्या खोलीबाहेर पाटी होती: पादत्राणं काढून आत या. घरी पाहुण्यांना दारातच चपला काढायला लावणारा हा माणूस तिथे मात्र हसला. "हे काय देऊळ आहे? वेड्या बायकांचा टब आहे, यार!" बुटांसकट हौदात उतरला आणि सेल्फी काढले.

घरी येऊन बॅग भरताना कळलं, खिशात पासपोर्ट नाही. वीस वर्षं व्हिसावर काढलेला माणूस पासपोर्ट छातीशी धरून फिरतो. तो पडला असणार हौदातच. उद्याचं विमान चुकलं, तर बाबा दिसायचे नाहीत. तो तसाच गाडी काढून निघाला.

रात्री अकरा चाळीसला तो वर पोहोचला. तिकडे पुण्यात सर्वपित्रीची सकाळ झाली होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. हौदाच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं.

फोनच्या उजेडात पासपोर्ट दिसला. हौदाच्या तळाशी. तो उतरला. पुन्हा बुटांसकट.

चप्... चप्...

हौद कोरडा होता. ठणठणीत कोरडा.

चप्... चप्... मागून. तो थांबला, आवाज थांबला. त्याने पासपोर्ट उचलला. आवाज जवळ आला. कोणी दिसेना. आंबूस वास तेवढा...

"सॉरी..." त्याने बूट काढले. "माझे बाबा वाट बघताहेत. मला जाऊ द्या."

चपचप थांबली.

मग पुन्हा पावलं. पण आता चार. दोन जुनी. दोन नवीन... आणि नव्यांतला एक पाय फरफटत होता.

ती चाल त्याने लहानपणापासून ऐकली होती. श्रीरंगराव डाव्या पायाने असेच लंगडत.

"बाबा...?"

तो पळाला. अनवाणी. बूट तिथेच.

विमान मिळालं. मंगळवारी पहाटे तो पुण्यात पोहोचला. वडिलांच्या पाया पडायला वाकला आणि पायावरचं पांघरूण बाजूला केलं.

काकांनी खिसा चाचपला.

"मग?" निधीने विचारलं.

"तळवे जांभळे. घोट्यापर्यंत. सांभाळणारी रत्ना म्हणाली, रविवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास दिसलं, तीनदा साबणाने धुतलं, जात नाही. आणि दोन महिने त्या माणसाचा पाय जमिनीला लागला नव्हता."

काका पुढे म्हणाले, "म्हातारा सुमंतला म्हणाला, 'पाय फार दुखतात रे... तू बूट काढले होतेस ना?'"

ऋषी हसायला गेला, पण त्याला हसू फुटलं नाही.

काकांनी खिशातून एक लहानशी डबी काढून मुलांपुढे उघडली. आत एक द्राक्षाची बी होती.

"श्रीरंगरावांच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात सापडली. सुमंत घरात ठेवायला तयार नाही, म्हणून माझ्याकडे," काका म्हणाले. "गेलं वर्षभर ती ओलीच आहे."