मिठाच्या वाटेवरचा दगड

आमच्या वळ गावात आता गोदामंच गोदामं. पण इंग्रजांच्या टायमाला आमची माणसं खाडीचं मीठ डोईवर घेऊन जुन्नरकडं घाट चढत चालत जायची. माझी पोर भाविका कॉलेजात शिकायची, तिच्या डोक्यात तेच बसलं. "बाबा, ती वाट एकदा चालून बघू ना."

रविवारी गेलो. भादवा सरत आलेला. अर्ध्या घाटात धुकं उतरलं. दुपारचे बारा, पण चार पावलांवरचं दिसं ना. शेवाळाचा ओला वास. आवाज म्हंजे फक्त आमच्या पायांचा.

ती दर वळणाला थांबून फोटो काढायची. माझं टाळकं सरकलं.

"फोटो खाणार हायस का दुपारी?"

"तुलाबी देते अर्धा," ती हसली.

मग छातीएवढा एक उभा दगड लागला. जुनी माणसं त्यावर ओझं टेकवून दम खायची. भरलं ओझं एकट्याला परत डोईवर चढत न्हाय, दुसऱ्यानं हात लावावा लागतो. दगडापाशी एक म्हातारी उभी व्हती. दगडावर ओलं पोतं.

"दादा… हात लाव रं. कवाची उभी हाय…"

"तुझं तू उचल! आम्ही काय हमाल हाव?"

भाविकाचा चेहरा उतरला. "बाबा, असं काय बोलतोस? थांब गो आजी, मी लावते."

"मग रहा इथंच!" बोललो, नि तरातरा पुढं गेलो. मागं बघितलं न्हाय.

अर्ध्या तासानं राग उतरला. हाका मारल्या. धुक्यातून काहीच न्हाय. धावत खाली आलो.

म्हातारी न्हाय. पोतं न्हाय. दगडाला पाठ लावून भाविका बसलेली. ओढणी पिळून डोईवर चुंबळ केलेली. तिला कुणी शिकवली व्हती चुंबळ? आमच्यात आता कोण ओझं वाहतं? ओठांवर मिठाचा थर.

"भावू… काय झालं गो?"

डोळे उघडले. मला वळखायला तिला लई वेळ लागला.

"बाबा… केवढा उशीर केलास… हात लावायला कुणी आलंच न्हाय रं…"

तेवढंच. पाठीवर घेऊन उतरलो. गाडीपाशी पोचेपर्यंत ती गेली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून बघतच राहिला.

"मुलगी काय काम करायची?"

"शिकत व्हती."

"मानेची हाडं पार झिजलीत हो. चाळीस-पन्नास वर्षं डोक्यावर वजन वाहिलेल्या बाईची असते अशी मान."

मी त्याची कॉलर धरली. त्यानं फक्त तिच्या पायांवरची चादर बाजूला केली.

एकोणीस वर्षांची माझी पोर. टाचा भेगांनी फाटलेल्या, तळवे खुरासारखे घट्ट.

कॉलर सुटली माझ्या हातातून.

"अर्धा तास, डॉक्टर," मी बोललो. "अर्धाच तास पुढं गेलतो मी…"