तीर्थ घोळवणारा मुलगा

"स्कार्फ काढल्याबिगर वास नाही येत, मॅडम."

नूपुर दचकली. कोणी आपल्याशी बोलेल, असं तिला वाटलंच नव्हतं. तेवढ्यासाठीच तर ती डोळे सोडून सगळा चेहरा बांधून आली होती. नागपुरात उन्हाळ्यात मुली स्कार्फ बांधतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण सप्टेंबरात, वर्धा रोडवरच्या दारूच्या दुकानाच्या आत...

"मला वास घ्यायचा नाहीये," ती स्कार्फमधूनच म्हणाली. "मला एक बाटली हवी आहे. भेट द्यायला."

"मग तर घ्यावाच लागते." तो हसला. सावळा, उंच, हातात हेल्मेट. "कोणासाठी पाहून राहिल्या?"

तिच्या ऑफिसातल्या सुरुची मॅडम निवृत्त होत होत्या. त्यांना सिंगल माल्ट व्हिस्की आवडते, हे त्या स्वतःच सगळ्यांना मोकळेपणी सांगायच्या. भेट म्हणून तीच द्यायची ठरलं आणि आणायचं काम नूपुरच्या गळ्यात पडलं. नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही. महाल भागातल्या कृष्णकांतबुवांची ही मुलगी. वडील नोकरी संपल्यापासून पूर्ण वेळ नारदीय कीर्तनं करत होते आणि त्यांच्या मागे बसून ती पेटीची साथ करायची. त्यांच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा बाबा लेबल वाचून आणत.

फळीवरच्या सगळ्या बाटल्या तिला सारख्याच दिसत होत्या. बारा वर्षांची, पंधरा वर्षांची. त्याने खिशातून बोटभर उंचीच्या दोन कुप्या काढल्या. दुकानात चाखू देत नाहीत, म्हणून तो आणि त्याचे मित्र आपापल्या बाटलीतलं थोडंसं असं कुपीत भरून एकमेकांना देत, ताडून पाहत आणि मगच नवीन बाटली विकत घेत.

"प्यायची नाही जी. फक्त वास. पहिली शेरी वाइनच्या पिंपात मुरवलेली आहे."

तिने इकडेतिकडे पाहिलं. स्कार्फ नाकापुरता खाली ओढला. श्वास घेतला आणि भीती क्षणभर विसरली.

"संत्र्याच्या साली... उन्हात वाळत घातलेल्या. आणि शालू ठेवलेलं सागवानी कपाट उघडल्यासारखं काहीतरी."

त्याने दुसरी कुपी पुढे केली. ही स्कॉटलंडच्या एका बेटावरची होती. तिथे दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि त्या धुरावर सातू सुकवतात, एवढं त्याने सांगितलं. तिने वास घेतला... आणि डोळे मिटले.

"हा तर बुक्का आहे," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

देवाच्या बुक्क्याचं नाव आपण कुठे उभं राहून घेतलं! तिचे कान तापले. पण तो वेगळ्याच नजरेने पाहत होता.

"आमच्या आजोबाच्या कपाळाले असाच वास यायचा," तो हळूच म्हणाला. "दोन वर्षं झाली, आम्ही सारे 'धूर, धूर' करून राहिलो. कोणाले बुक्का नाही सुचला. हीच घ्या. तुमच्या मॅडम खूश होतील."

त्याने नाव सांगितलं, भूपेश. तिने आपलं सांगितलं नाही. स्कार्फ वर ओढला आणि बाटली ओढणीत गुंडाळून बाहेर पडली.

*

नाव फार दिवस लपलं नाही. सुरुची मॅडमने बाटली उघडायला तिलाच घरी बोलावलं आणि कोणी निवडून दिली ते विचारलं. तिने हेल्मेटवाल्याचं वर्णन केलं तशा त्या खळखळून हसल्या. अगं, तो आमच्याच रविवारच्या टोळीतला! तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. टोळी आली आणि तिच्यात तो.

"चेहरा पहिल्यांदा पाहून राहिलो," तो म्हणाला. "वास मात्र ओळखीचा आहे. मोगऱ्याचं तेल."

तिथून रविवारची दुपार तिची झाली. धरमपेठेतल्या त्या घरात पाच-सहा माणसं जमत. पोटात फुगीर, तोंडाशी निमुळते असे पेले तळहातात धरून ऊब देत. आधी नुसता वास, मग पाण्याचा एक थेंब, मग पुन्हा वास, मग एक छोटा घोट, जिभेवर घोळवत. आणि त्यावर तासभर भांडण. या वेळी बेटावरची घ्यायची की डोंगरातली, यावर तर अबोले होत. नूपुर चहा प्यायची. पेला फक्त नाकाशी न्यायची. "गाभाऱ्यातला ओला दगड", "हळदीचं पोतं", "नव्या कोऱ्या लुगड्याची खळ" असं काही म्हणायची आणि सगळे "अरे, खरंच" म्हणत मान डोलवायचे.

खळ म्हटल्यावर भूपेशने पेला खाली ठेवला होता. त्याचं घर उमरेडचं, कोष्ट्यांचं. आजोबा शालिकराम हातमागावर बसत. तो शिकून बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात रंगखातं पाहायचा, पण त्या खळीच्या वासात त्याचं सगळं लहानपण होतं. निघताना जिन्यात तो म्हणाला, "तुम्ही ना... नाकानं माणसाच्या घरात शिरता."

"आणि तुम्ही?"

"मी दारात उभा राहतो. कोणी या म्हणते का, पाहत."

ती लाजली. घरी जाताना स्कूटीवर एकटीच हसत होती. पण महालच्या गल्लीत शिरली की हसू विरायचं. सुरुची मॅडमकडे गेले होते, एवढंच ती घरी सांगायची. खोटं काही नव्हतं त्यात... आणि खरंही नव्हतं. संध्याकाळी बाबा तंबोरा लावत, ती पेटीवर सूर धरी आणि बोटांना आपण पेला धरल्याची आठवण येई. मग ती उठून पुन्हा हात धुवायची.

*

दत्तजयंतीच्या सप्ताहात देवळात रोज संध्याकाळी बाबांचं कीर्तन होतं. भूपेशला तिने कधी बोलावलं नव्हतं. आपले बाबा महालच्या दत्ताच्या देवळात कीर्तन करतात, एवढंच बोलण्याच्या ओघात एकदा सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी पूर्वरंग सुरू असताना तो आत आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट. चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या, खांबाला टेकून बसला आणि तिच्याकडे पाहून ओळखीचं हसला. नूपुरने मान खाली घातली. मध्यंतरात बुक्क्याचं ताट फिरलं. त्याच्या कपाळाला बुक्का लागला तेव्हा त्याने डोळे मिटून श्वास घेतलेला तिला पेटीमागूनही दिसला.

खरं ते आरतीनंतर झालं. तीर्थाची रांग लागली होती. लोक हात पुढे करत, घोट घेत, ओला हात डोक्यावरून फिरवून पुढे सरकत. भूपेशची पाळी आली. त्याने तीर्थ उजव्या तळहातावर घेतलं... आणि सवयीने डावा हात त्यावर झाकला. थांबला. हात अलगद उघडून नाकाशी नेला. मग पुन्हा नेला. मग एक इवलासा घोट घेतला आणि डोळे मिटून तो जिभेवर घोळवत उभा राहिला. मागची सगळी रांग थबकली. पळीवाल्या गुरुजींचा हात तसाच हवेत.

"तुळस," तो स्वतःशीच पुटपुटला. "मग कापूर. शेवटी तांबं."

मग डोळे उघडून समोर बसलेल्या यमुताईंना, म्हणजे नूपुरच्या आत्याला, तो मनापासून म्हणाला, "लय गोड झालं कीर्तन. मन भरून आलं मले."

यमुताईंच्या भुवया वर गेल्या. त्या नूपुरकडे वळल्या. "हा कोण गं? मघापासून तुझ्याकडे पाहून हसतो आहे. तुझ्या ओळखीचा?"

तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

"नाही आत्या," नूपुर म्हणाली. "मी नाही ओळखत."

त्याने ऐकलं. चेहऱ्यावर राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने नुसती मान हलवली, प्रसादाचा पेढा रुमालात बांधला, देवाला पुन्हा एकदा नमस्कार केला आणि गेला.

त्या रविवारी तो सुरुची मॅडमकडे आला नाही. फोनही उचलला नाही.

आणि त्याच संध्याकाळी बाबांनी निरूपणात भक्तीचा विषय घेतला. बोलता बोलता थांबले. म्हणाले, परवा आपल्याकडे एक तरुण आला होता. त्याने तीर्थ कसं घेतलं पाहिलंत? आपण घेतो ते उरकतो. तो मुलगा त्या घोटापाशी थांबला. त्यात तुळस आहे, कापूर आहे, हे त्याला कळलं, गुरुजींनी ऐकलं ते. देवाच्या दारी असं थांबता आलं पाहिजे, बरं का. तो आला असेल तर मला त्याला नमस्कार करायचा आहे.

माना वळल्या. लोक शोधू लागले. नूपुरची बोटं पेटीवर चुकली, सरळ बेसूर. बाबांनी मागे वळून पाहिलं. दहा वर्षांत ती कधी अशी चुकली नव्हती.

देवळातून दोघं घरी आली. अंगणातच तिला राहवलं नाही. दुकान, स्कार्फ, कुप्या, रविवार... सगळं सांगून टाकलं. तो मुलगा तीर्थ तसं घ्यायला कुठे शिकला आणि आत्याला आपण काय सांगितलं, तेही. आपण कधी एक थेंब घेतला नाही, हे तिने दोनदा सांगितलं.

बाबांनी उपरण्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. ज्याचं आपण भर कीर्तनात कौतुक केलं ते कुठून आलं, हे त्यांना गिळायला जड जात होतं, ते दिसत होतं.

"ती व्हिस्की मला आवडणार नाही," ते शेवटी म्हणाले. "ते मी त्याला तोंडावर सांगीन. पण देवाच्या दारात आलेल्या माणसाला माझी मुलगी ओळखत नाही म्हणाली... ते मी कोणाला सांगू, बेटा?"

*

सोमवारी संध्याकाळी नव्या बाटल्या येतात आणि भूपेश हमखास तिथे असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती त्या दुकानात गेली. चेहरा उघडा ठेवून. गल्लीतल्या देशपांडे काकूंचा मुलगा बाहेर पार्किंगमध्ये दिसला. त्याने आश्चर्याने हात केला, तिनेही केला. कान तापलेच, पण पाय थांबले नाहीत.

भूपेश त्याच फळीपाशी दोन बाटल्या हातात धरून लेबलं ताडत होता. तिला पाहून त्याने दोन्ही खाली ठेवल्या.

"आज स्कार्फ नाही?"

"नाही."

"मले वाटलं, तुमची ओळख स्कार्फाआडच राहते."

तिला रडू आलं. तिने ते येऊ दिलं. माफ करा, असं म्हणायचं ती वाटभर घोकत आली होती. पण त्यानेच आधी विचारलं, अगदी हलक्या आवाजात.

"एक खरं सांगा. लाज दारूची वाटली, का माझ्या बोलण्याची? त्या बाईंनी भुवई कधी उडवली, ते पाहिलं मी. 'मले' म्हटलं तेव्हा."

आजूबाजूला कोणी तरी बाटल्या खोक्यात भरत होतं. खोटं सोपं होतं. तिने दोन्ही हातांनी पर्सचा पट्टा घट्ट धरला.

"दोन्हीची," ती म्हणाली. "आधी दारूची. मग आत्याने तसं पाहिलं तेव्हा... त्याचीही. मला माझीच इतकी लाज वाटते आहे, भूपेश, की तुम्ही पुन्हा माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. पण मी तुम्हाला ओळखते. तुमच्या आजोबांच्या कपाळापर्यंत ओळखते. आणि मला ते... आवडतं. तुम्ही आवडता."

तो फळीकडे वळला. मग म्हणाला, "वास अवघड असला का एक थेंब पाणी टाकावं लागते. नाहीतर उलगडत नाही."

"म्हणजे?"

"डोळे पूस वं," तो म्हणाला. "लोक पाहून राहिले."

पहिल्यांदाच 'तू'. आणि 'वं', त्याच्या बोलीतलं 'गं'.

तिने ओढणीने डोळे पुसले. उद्या सप्ताहाचा काला आहे, ती म्हणाली. बाबा तुम्हाला व्हिस्कीवरून बोलतील. मी पेटीवर असेन. या... त्याने दोन्ही बाटल्या परत फळीवर लावल्या.

*

काल्याच्या दिवशी देऊळ भरलं होतं. भूपेश आला, पण अगदी मागे, दारापाशी बसला. बुक्क्याचं ताट आलं तेव्हा कपाळ पुढे केलं आणि श्वाससुद्धा न घेता मागे सरकला. तिला ते दिसलं. ही लाज तिने त्याला दिली होती.

आरती झाली. दहीकाला वाटला गेला. तीर्थाची रांग लागली तशी ती पेटीचा भाता मिटून उठली आणि जाऊन त्याच्या पुढे उभी राहिली. तो गोंधळला.

तिची पाळी आली. तिने तीर्थ तळहातावर घेतलं. दुसरा हात त्यावर झाकला. थांबली. मागे कुजबूज झाली, कोणी बायकी आवाजात हसलं. तिच्या कानांच्या पाळ्या पेटल्या, तरी तिने हात अलगद उघडून नाकाशी नेला. तुळस. कापूर. आणि तांब्याच्या आत कुठेतरी ओल्या दगडाचा गारवा. घोट घेतला आणि डोळे मिटून जिभेवर घोळवला.

डोळे उघडले तेव्हा समोर यमुताई होत्या.

"हे काय गं नवीन? आणि हा मागे... हा तोच ना? तुझ्या ओळखीचा नसलेला?"

"ओळखीचा आहे आत्या," नूपुर म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्या दिवशी मी खोटं बोलले. हे भूपेश. तीर्थ असं घ्यायचं मी यांच्याकडून शिकले."

व्यासपीठापाशी बाबा झांज पुसत होते. ते थांबले. उठून खाली आले, गळ्यातला हार काढून हातात धरला आणि भूपेशसमोर खरोखरच हात जोडले. मग हलकेच म्हणाले, "रविवारी दुपारी आमच्याकडे चहाला या. मला तुम्हाला दोन कडक शब्द बोलायचे आहेत."

"येतो जी," भूपेश म्हणाला.

गुरुजींनी पळी पुढे केली. त्याने तळहात पसरला, तीर्थ घेतलं आणि घाईने तोंडाशी नेऊ लागला.

"हळू," नूपुर त्याच्या कानाशी म्हणाली. "रांग थांबेल. थांबू दे."