बहात्तर पायऱ्या

जाहिरात दलालानेच लिहिली होती. 'चौथा मजला, हवेशीर, भरपूर उजेड, वर गच्ची, लिफ्टची कटकट नाही.' कटकट नाही म्हणे. वाचून माझं डोकं सणकलं होतं. तरी दुपारी चारला दवाखान्यातली ड्युटी संपवून मी किल्ली घेऊन त्या इमारतीच्या दाराशी उभी राहिले. घर धाकट्या भावाच्या नावावर, विकणार तो, पण दाखवायचं मी, कारण माझा दवाखाना जवळ आणि त्याला वेळ नाही. त्याला वेळ नाही, हे मी इतकी वर्षं ऐकतेय की आता झोपेतही म्हणून दाखवीन.

दलाल वेळेवर आला. बरोबर एक नवरा-बायको आणि नवऱ्याचे वडील. सत्तरीचे असतील, हातात काठी.

"लिफ्ट नाही हेच तर या घराचं सुख आहे, साहेब," दलाल पहिल्या पायरीपासून सुरू झाला. "वर्दळ नाही, शांतता. आणि रोज जिना चढणाऱ्याला डॉक्टर लागत नाही."

मी एक्स-रे काढते. आईच्या गुडघ्यांचेही मीच काढले होते. दोन हाडांमध्ये जी फट दिसायला हवी, ती तिच्या गुडघ्यांत उरलीच नव्हती. हाडावर हाड घासत होतं. त्या दिवशी ती एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर चढली, चप्पल फट… फट… वाजवत. दर मजल्यावर थांबली. त्यानंतर सहा वर्षं ती खाली आली नाही.

बहात्तर पायऱ्या. एका मजल्याला अठरा.

घर वाईट नाही, हे मी कबूल करते. लग्न होईपर्यंत मी तिथेच राहिले. सकाळी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागत नाही, उन्हाळ्यात पंखा लागत नाही, रस्त्याचा आवाज वर येईपर्यंत दमतो. तरुण पायांना ते घर स्वर्ग आहे. पण पाय कायम तरुण राहत नाहीत, हे जाहिरातीत कोण लिहिणार?

मध्यंतरी इमारतीत लिफ्ट बसवायचं ठरलं होतं. बारा घरांच्या सह्या हव्या होत्या. अकरा झाल्या. तळमजल्यावरच्यांनीसुद्धा केली, ज्यांना लिफ्टचा काडीचा उपयोग नव्हता. बारावी सही धाकट्याची. तो कागद बघून म्हणाला, "आईला कुठे जायचंय आता?" आणि कागद परत केला. आई आत होती, तिला ऐकू गेलं. मी समोर बसून चहा पीत होते. तिचे एक्स-रे मी काढलेले, आणि मी चहा पीत होते. त्याचा राग येतो तेव्हा मला माझाही येतो, आणि तो जास्त जळतो.

आईला कुठे जायचं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. धाकट्याने एकोणिसाव्या मजल्यावर नवं घर घेतलं, त्याला चार वर्षं झाली. ते तिने पाहिलं नव्हतं. त्याच्या दारापुढे घालायला तिने जुन्या साड्यांच्या चिंध्यांचं पायपुसणं विणून ठेवलं होतं. "नेईन की एकदा," तो म्हणायचा.

दोन महिन्यांपूर्वी ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सापडली. स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची तिने स्वतः खाली आणली होती. खुर्ची पुढच्या पायरीवर सरकवायची, मग आपण उतरायचं. छत्तीस पायऱ्या उतरली होती. नवी साडी, मांडीवर पिशवी, पिशवीत पायपुसणं. दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंना वाटलं, बसल्या आहेत दम खात. हाक मारली तेव्हा कळलं.

पिशवी मी माझ्या घरी नेली. खुर्ची स्वतः उचलून वर नेली, स्वयंपाकघरात ठेवली आणि कुलूप लावलं. दोन्ही किल्ल्या माझ्याकडेच होत्या.

आणि आता, दलालामागून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आले, तर खुर्ची तिथे होती. तीच. एक पाय आखूड म्हणून आईने त्याला बांधलेली निळी चिंधीसुद्धा.

"ही इथे तुम्ही आणलीत?" मी दलालाला विचारलं. आवाज चढलाच माझा.

"मी कशाला आणू, ताई? खुर्ची दिसली की गिऱ्हाइकाला चढ आठवतो."

म्हातारबाबांना मात्र धाप लागली होती. ते खुर्चीत टेकले आणि लगेच हात खाली नेऊन बघितलं. "गरम आहे," ते म्हणाले. "कुणी बसलं होतं वाटतं आत्ता."

"तुम्ही बसा इथेच," सून म्हणाली, आणि आम्ही वर गेलो.

कुलूप होतं तसं होतं. आत दोन महिन्यांची धूळ. स्वयंपाकघरात फरशीवर धुळीमध्ये चार स्वच्छ ठसे होते, खुर्चीच्या पायांचे. बाकी धुळीवर कुणाचं पाऊल नव्हतं. खोली बंद होती, तरी आईच्या गुडघ्याच्या मलमाचा वास येत होता, ताजा, आत्ताच डबी उघडल्यासारखा.

"काय उजेड आहे," सून खिडकीशी म्हणाली. नवऱ्याचा चेहराही खुलला होता. दलाल माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. मी त्यांना घाईनेच बाहेर काढलं आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या मजल्यावर म्हातारबाबा कठड्याला धरून उभे होते. खुर्ची नव्हती.

"बाई आल्या," ते म्हणाले. "त्यांची होती. मग मी उठलो."

"कोण बाई?"

"वरून आल्या की. तुम्हाला दिसल्या नाहीत? फार त्रास होतोय हो त्यांना. खुर्ची पुढे सरकवतात, मग उतरतात. मी म्हटलं, धरू का हात? तर म्हणाल्या, नको, आता थोड्याच राहिल्या." त्यांनी काठीने खाली दाखवलं. "मुलाचं घर बघायला निघाल्यात. पहिल्यांदाच, म्हणाल्या…"

खालून लाकूड घासल्याचा आवाज आला. मग चप्पल. फट… फट… मग काहीच नाही. मी कठड्यावरून वाकून बघितलं. शेवटच्या वळणाच्या आड निळी चिंधी सरकताना दिसली, एवढंच. मी धावत उतरले. दारात कुणी नव्हतं. रस्त्यावर संध्याकाळची ती नेहमीची गर्दी, आणि उंबऱ्यावर मलमाचा वास.

म्हातारबाबा खाली आल्यावर मुलाला म्हणाले, "हे घर नको." मीही म्हणाले, "घेऊ नका." दलालाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचा खिसाच कापला.

सात वाजता धाकट्याचा फोन आला. तावातावाने बोलत होता. "तू गिऱ्हाईक पळवलंस म्हणे? तुझं काय बिघडत होतं गं? आम्ही इथे बाहेर जायला उभे, लिफ्ट येत नाही, त्यात त्या दलालाचा फोन…"

"लिफ्ट का येत नाही?"

"येतेय. पण प्रत्येक मजल्यावर थांबतेय. खालून वॉचमनने फोन करून विचारलं, तुमची खुर्ची आहे का, लिफ्टमध्ये कोण ठेवून गेलं…" मग आवाज एकदम बारीक. "ताई… एका पायाला निळी चिंधी आहे म्हणतोय."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"दहाव्यावर थांबली," तो म्हणाला. "किती वेळ थांबते गं… माणूस दम खातं, तेवढा वेळ." त्याची बायको मागून काहीतरी विचारत होती. "अकरा… ताई, मी काय करू?"

भीती मलाही वाटत होती. पण सहा वर्षांचा राग तिच्याहून मोठा निघाला. "तूच विचार तिला," मी म्हणाले. "कुठे जायचंय म्हणून."

तो फोन ठेवत नव्हता आणि बोलतही नव्हता. मी नुसती ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने लिफ्टची घंटी वाजली, दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग फोनमधून, अगदी जवळून, फट… फट…

फोन बंद झाला. मी कपाट उघडून आईची पिशवी काढली. आत पायपुसणं नव्हतं.

ते आता धाकट्याच्या दारापुढे आहे. कुणी उचलत नाही. घर विकायचं त्याने सोडून दिलं, आणि लिफ्टमध्ये तो पाय ठेवत नाही. एकोणीस मजले जिन्याने चढतो, दर मजल्यावर थांबत. पन्नाशी जवळ आलेला माणूस. गेल्या आठवड्यात दवाखान्यात आला होता, तेव्हा मी विचारलं, "फार दम लागतो का रे?"

"दम नाही लागत," तो म्हणाला. दाराकडे बघून मग हळूच म्हणाला, "ती मागे राहते, ताई."