लाल चांदणीचा रकाना

आमची पहिली भेट झाली तेव्हा त्याच्या कडेवर एक सीपीयू होता.

खरंच कडेवर. ऑगस्टमधला दिवसभर नुसता रिपरिपणारा पाऊस, द्वारकेच्या चौकात ट्रकांची न संपणारी रांग, आणि एक उंच, सावळा मुलगा अंगातला रेनकोट काढून त्यात कॉम्प्युटरचा डबा गुंडाळून उभा. तान्ह्या बाळाला धरावं तसा छातीशी धरलेला. स्वतः मात्र नखशिखांत भिजलेला. पापण्यांवरून थेंब ओघळताहेत… आणि पुसायला हात मोकळा नाही.

माझ्याकडे छत्री होती. आणि कुणाचं काही पडेल, भिजेल, फुटेल याची धास्ती मला फार. आजही आहे. न विचारताच मी छत्री पुढे केली — त्याच्यावर नाही, त्या डब्यावर.

"बरोबर निवड केलीत, मॅडम," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी भिजलो तर वाळतो. हा नाही वाळत."

रस्ता ओलांडला. तो डावीकडे वळला, मीही डावीकडे. तो औषधांच्या दुकानाशेजारचा जिना चढायला लागला, मीही.

"तुम्ही आता याला वरपर्यंत पोचवणार का?"

"मी नोकरीला आलेय. आज पहिला दिवस."

जिन्याच्या वळणावर तो थांबला. माझ्याकडे नीट बघितलं. "मग छत्री मिटू नका, अहो. आपल्या ऑफिसात आतही गळतं."

त्याचं नाव हिरामण गांगुर्डे.

"हिरामण म्हणजे गोष्टीतला पोपट ना?" मी विचारलं.

"तोच. फक्त मिरची खात नाही."

ऑफिस निवृत्तीकाकांचं. काका निफाडचे, माझ्या वडिलांचे, म्हणजे नानांचे, जुने स्नेही. त्यांचं वधूवर सूचक केंद्र होतं, फायलींनी भरलेली दोन कपाटं होती, आणि दोन हजार तीन साली त्यांच्या मनाने घेतलं की हे सगळं नेटवर न्यायचं. "दुबईतला नवरदेव निफाडची पोरगी बघंल, आन् मी हितं बसून चहा पिईन," असं ते म्हणायचे. साइटचं नाव ठरलं होतं मुंडावळी डॉट कॉम. आणि ती उभी करायला माणसं दोन. हिरामण, आणि नुकतीच बीसीएस होऊन कॉलेज रोडला वेब डिझाइनचा कोर्स केलेली मी.

पहिलं भांडण सनईवरून झालं. काकांना पहिल्या पानावर सनई वाजायला हवी होती आणि वरून अक्षता पडायला हव्या होत्या. मला ते फ्लॅशमध्ये छान करता येत होतं. मी केलंही. हिरामणने शांतपणे बघितलं आणि मान हलवली.

"निफाडच्या फोनलाइनवर हे उघडेपर्यंत मुलीचं वय उलटेल."

"पण सुंदर दिसतंय ना?"

"ज्याला दिसेल त्याला. आमच्या नांदगावात कॅफेवाला तासावर पैसे घेतो. पोरीच्या बापाने त्यात सनई ऐकायची का स्थळं बघायची?"

"मग काय नुसती अक्षरं टाकायची?"

"अक्षरं आणि एक लहान फोटो. लग्नाला आणखी काय लागतं? आणि सगळं पीएचपीत लिहायचं. फुकट मिळतं, उद्या साइट वाढली तरी कुणापुढे हात पसरायला नको."

"तुला सगळं फुकटातलंच सुचतं. तू गप्प बस जरा."

बोलून गेले आणि जीभ चावली. कीबोर्डवरची त्याची बोटं थांबली.

"काय म्हणालात?"

"गप्प बसा, म्हणाले."

"नाही… त्याच्या आधी एक शब्द होता. लहानसा." तो पडद्याकडे बघतच बोलत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "बघ, लहान असला की कसा पटकन उघडतो."

बघ. तोही म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पडद्यावर अक्षता पडत होत्या. फ्लॅश नव्हतं, सनई नव्हती. चार-पाच ठिपके, हळदीच्या रंगाचे, हळूहळू खाली येणारे… वजनाला काहीच नसलेले. "तुझ्या अक्षता," तो म्हणाला. "या नांदगावातही पडतील."

त्यानंतर पाऊस सरला, थंडी आली. निवृत्तीकाका मळ्यातून द्राक्षांची पेटी आणायचे आणि मी जागेवर परतले की माझ्या कीबोर्डवर हिरामणने एक लहानसा घोस ठेवलेला असायचा — बरोबर एंटरच्या बटणावर, म्हणजे तो उचलल्याशिवाय काही पुढे सरकू नये. लाइट गेली की यूपीएस टीं टीं करायला लागायचा. मग मशीन बंद करून आम्ही खिडकीत उभे राहायचो, चौकाकडे बघत. तो बोलायचा, पुढे स्वतःची कंपनी काढायची, आपल्या लोकांना उघडता येतील अशा साइट बनवायच्या. मी ऐकायचे आणि मनातल्या मनात त्या कंपनीत एक खुर्ची मांडून बसायचे.

साइट सुरू करायच्या आधी तपासायला खोटी स्थळं भरायची होती. त्याने एक वर भरला. व्यवसाय: दुसऱ्यांची लग्नं लावणे. अपेक्षा: छत्री असलेली. मी शेजारच्या मशीनवर एक वधू भरली. स्वभाव: घाबरट. अपेक्षा: भिजला तरी वाळणारा.

त्याने 'शोधा' दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला, आणि मग ओळ आली. एक स्थळ सापडले.



"चाचणी यशस्वी," तो हळूच म्हणाला.

"एकदा करून काय होतं? पुन्हा कर."

त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा मीच हात लांबवला, आणि त्याच बटणावर त्याचं बोट होतं… ते त्याने काढलं नाही.

संध्याकाळी निवृत्तीकाकांनी चष्मा लावून फॉर्म बघितला. "ह्यात जात कुठंय रे?"

"आहे ना, काका. खाली आहे. वाटलं तर भरायची."

"वाटलं तर? आरं बाबा, लोकं फोटोच्या आधी ती बघत्यात. बाकी काय बी रिकामं ऱ्हाऊ दे, ह्यो रकाना नाय. चांदणी टाक त्याला."

भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊच नये, अशा रकान्यापुढे आम्ही लाल चांदणी टाकायचो. नावापुढे होती, जन्मतारखेपुढे होती.

"आणि शोधताना जातीतलीच दाखवायची?" हिरामणने विचारलं.

"मंग? मी काय नियम करतोय का, पोरा? लोकं मागतात ते देतो. धंदा हाय."

काका गेले. हिरामणने चांदणी टाकली. शोधायची अटही त्यानेच लिहिली, एकच ओळ होती. आमची दोन खोटी स्थळं अजून तशीच होती, पण आता रकाना भरल्याशिवाय ती पुढे जाईनात. त्याने त्याच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिलं. न अडखळता, स्वतःचं नाव लिहावं तसं. मी माझ्या रकान्यात 'मराठा' लिहिलं. गांगुर्डे आमच्यातही आहेत, त्यांच्यातही. मी कधी विचारलं नव्हतं, त्याने कधी लपवलं नव्हतं.

त्याने 'शोधा' दाबलं.

एकही स्थळ सापडले नाही.

"बघ," तो हसला, पण डोळे पडद्यावरच होते. "चाचणी यशस्वी."

या वेळी मी पुन्हा कर म्हणाले नाही. म्हणाले, "तू नानांशी बोल. नाना तसे नाहीत."

मला खरंच तसं वाटत होतं. नाना गणिताचे शिक्षक. समोर तरुण माणूस आला की बँकेचा मॅनेजर असो नाहीतर रिक्षावाला, "अरे, बस रे बाळा." आईच्या माघारी त्यांनीच मला वाढवलं होतं, आणि आमच्या घरात त्यांनी कुणाला 'अरे' म्हटलं की तो माणूस घरातला झाला, असं मी लहानपणापासून धरून चालले होते.

रविवारी हिरामण आला. इस्त्रीचा शर्ट, केसांवर पाणी मारून पाडलेला भांग.

"अरे ये, ये. तृप्ती म्हणते फार हुशार आहेस तू. बस की नीट, असा टोकावर काय बसतोस?" नानांनी स्वतः चहा ओतला. "गांगुर्डे म्हणजे देवळ्याकडचे का रे तुम्ही?"

"नाही, नांदगावचे. वडील रेल्वेत गँगमन होते."

"अच्छा. मग तिकडे पाहुणे कुठले तुझे? कुणाकडे सोयरीक?"

मी दारात उभी होते. हिरामणने कप खाली ठेवला, आवाज न होऊ देता.

"नाना, आम्ही बौद्ध आहोत. आणि मी तृप्तीबद्दल बोलायला आलोय."

नाना चिडले नाहीत. चेहराही फारसा बदलला नाही. त्यांनी बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली.

"घ्या ना," ते म्हणाले. "तुम्ही काहीच घेतलं नाहीत."

घ्या. तुम्ही.

हिरामणने एक बिस्किट घेतलं. सावकाश खाल्लं. नाना हवापाण्याचं बोलत राहिले, दारापर्यंत सोडायला आले, आणि म्हणाले, "तुम्ही फार गुणी आहात. जपून जा."

मी पाठोपाठ धावत कोपऱ्यापर्यंत गेले.

"मी येते तुझ्याबरोबर. रजिस्टर करू. उद्या म्हणालास तरी…"

"नको."

"का? भीती वाटते?"

"तुझ्याइतकी नाही वाटत." तो हसला आणि लगेच गंभीर झाला. "माझे आजोबा पाटलांकडे जायचे, मागच्या दाराने. जन्मभर. वडिलांनी एकच सांगितलंय, कुणाच्या घरी मागच्या दाराने जायचं नाही. तुला पळवून नेलं, तृप्ती, की मी कायमचा मागच्या दाराचा जावई."

"मग कसं येणार तू?"

"नाना परत 'अरे' म्हणाले की येईन. पुढच्या दाराने."

"आणि नाही म्हणाले तर…?"

माझ्या ओढणीचं टोक त्याच्या सायकलच्या चाकाजवळ लोंबत होतं, ते त्याने उचलून माझ्या हातात दिलं.

मी प्रयत्न सोडला नाही. रडले, अबोला धरला, समजावलं. नाना एका शब्दाने वाईट बोलले नाहीत. उलट अधूनमधून विचारायचे, "गांगुर्डे साहेब बरे आहेत का?" साहेब. प्रत्येक वेळी तो आमच्या दारापासून आणखी थोडा लांब जायचा.

वर्ष गेलं. मग एके दिवशी निवृत्तीकाकांनी हिरामणच्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. नानांनी दिलेला माझा फोटो. निळी साडी, स्टुडिओतला पडदा, हनुवटी जरा जास्तच वर.

"साइटवर टाकायचाय," काका म्हणाले. ते दोघांकडेही न बघता बाहेर गेले. बऱ्याच वेळाने परतले, तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि स्वतःचा प्यायलाच नाही.

हिरामणने फोटो स्कॅन केला. मी शेजारीच बसले होते. तो खूप वेळ त्यावर काम करत राहिला.

"काय करतोयस एवढं?"

"काचेवरची धूळ आलीय. काढतोय." मग जरा थांबून, "लहान करतो. म्हणजे कुठेही पटकन उघडेल."

"नको उघडू दे पटकन."

नाव, उंची, शिक्षण… सगळं त्याने भरलं, त्याला पाठच होतं. स्वभावाच्या रकान्यापाशी हसल्यासारखं केलं आणि 'प्रेमळ' लिहिलं. लाल चांदणी आली तेव्हा कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

"हा तू भर. माझ्याने होणार नाही."

मी भरला. अक्षरं दिसत नव्हती, बोटांनाच ठाऊक होती.

पावसाळ्याआधी तो हैदराबादला गेला. माझं लग्न त्याच साइटवरून जमलं. हे चांगले आहेत, कमी बोलतात, मला तापबीप आला तर रात्रभर उशाशी बसतात. त्यांना मी तुम्ही म्हणते.

चैताली साडेतीन वर्षांची झाली तेव्हा तिच्या शाळेने पहिल्यांदाच प्रवेशाचे फॉर्म नेटवर ठेवले. घरी नेट नसलेल्यांसाठी शाळेतल्या कॉम्प्युटरच्या खोलीत सोय होती. मी तिचा हात घट्ट धरून आत गेले. सगळीकडे वायरी, आणि हिला प्रत्येक वायर ओढून बघायची असते. टेबलाखाली कुणीतरी वाकून काहीतरी जोडत होतं.

"अहो, जरा ती वायर… मुलगी ओढेल," मी म्हणाले.

तो उभा राहिला. कानाजवळचे थोडे केस पांढरे झालेले. बाकी तोच.

"तुम्ही…" तो म्हणाला. आणि मग, जरा वेळाने, "कशा आहात?"

"बरी आहे. तुम्ही?"

"शाळेची साइट आमची कंपनी बघते." त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. "बसा ना."

मी बसले. एका हाताने चैतालीचा फ्रॉक धरून दुसऱ्याने टाइप करू लागले. मुलीचं नाव, चांदणी. जन्मतारीख, चांदणी. जात… आणि माझं बोट थांबलं. पुढे काही नव्हतं. पांढरी, मोकळी जागा.

"रिकामा सोडला तरी जातो," तो मागून म्हणाला. "आमच्याकडे तो रकाना तसाच असतो. एक-दोन गिऱ्हाइकं म्हणाली चांदणी टाका. म्हटलं, मग दुसरीकडून करून घ्या."

मी तो रिकामा सोडला. बटण दाबलं. पडदा क्षणभर पांढरा झाला, आणि फॉर्म गेला. एवढा सहज गेला की मी पडद्याकडे बघतच राहिले.

तेवढ्यात चैताली हात सोडवून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मान वर करून तिने त्याला विचारलं, "तू कोण आहेस?"

"चैतू, मोठ्यांना तू नाही म्हणायचं. तुम्ही…"

"असू द्या," तो पटकन म्हणाला. तिच्याएवढा होऊन खाली बसला. "तिला म्हणू द्या." मग तिला म्हणाला, "मी हिरामण. पोपटाचं नाव आहे ते."

"तू पोपट आहेस?"

"हो."

"मग तू उडून का नाही जात?"

"गेलो होतो गं. परत आलो."

तिने विचार केला. बाहेर भुरभुर सुरू झाली होती. मी छत्री उघडायला घेतली, तर दारातून तिने मागे वळून हाक मारली.

"ए हिरामण, तू ये ना आमच्या घरी."

मी खाली बसले. तिच्या बुटाची नाडी बांधलेलीच होती, ती सोडली आणि पुन्हा बांधायला लागले.

"येईन हां," तो म्हणाला. तिला.