डोंगर की खड्डे?

नव्या कचेरीत पहिल्याच दिवशी तिला जागा मिळाली ती सगळे ज्याला 'ज्वालामुखी' म्हणत त्या सहकाऱ्याच्या टेबलावर, त्याच्या अगदी समोर. नाव ऐकून ती जरा बिचकलीच होती. पण ते नाव काही त्याच्या रागावरून पडलेलं नव्हतं. दूरच्या एका ग्रहाच्या फोटोंवरून तो नकाशा काढत होता, आणि तिथल्या टेकड्यांची रांग म्हणजे विझलेले ज्वालामुखी, असं त्याचं म्हणणं होतं. दोन वर्षांची मेहनत आज दुपारी साहेबांपुढे मांडायची होती.

ती समोर पसरलेला, तिच्या बाजूने उलटा दिसणारा फोटो बघत राहिली. आणि त्यावर फिरणारी त्याची लांबसडक बोटंही... जराशी.

"एवढं काय बघताय?"

"खड्डे," ती बोलून गेली.

"अहो, टेकड्या आहेत त्या!"

"मला तर इथून खड्डेच दिसतायत. फोटो काढला तेव्हा सूर्य कुठल्या बाजूला होता?"

तो हसत हसत तपासायला वाकला, आणि त्याचं हसू मावळलं. सूर्य फोटोच्या खालच्या बाजूला होता. उजेड वरूनच येणार असं डोळे धरून चालतात. त्याचेही तसेच फसले होते. तो उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. खड्डेच! लाव्हा उसळून तिथे काही उभं राहिलंच नव्हतं. उलट आधीच थंड झालेली जमीन एका लांब भेगेच्या कडेने खचत गेली होती. त्याने लिहिलेला त्या ग्रहाचा सगळा इतिहासच चुकला होता.

तो फोटो उचलून आपल्या जागेवर परतला. तिने जीभ चावली. कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला? आता हा आपलं तोंडही बघणार नाही... आणि याचं आपल्याला इतकं वाईट का वाटावं, हे तिला कळेना.

दुपारी भर सभेत तो उभा राहिला. "माझ्या टेकड्या म्हणजे खड्डे आहेत. चूक माझी. पकडली यांनी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "म्हणजे सगळं पहिल्यापासून?"

"हो सर. पहिल्यापासून."

त्याचे कान लालबुंद झाले होते, पण मान ताठ होती. चुकांवर पांघरूण घालणारी माणसं तिने ढिगाने पाहिली होती. असा माणूस पहिल्यांदाच पाहत होती. आवडला तिला तो. अगदी मनापासून आवडला.

संध्याकाळी जिन्यात तिने हळूच विचारलं, "रागावलात?"

"सकाळी, घटकाभर. मग वाटलं, दोन वर्षं सगळे नुसते वा वा करत होते. नीट बघितलं ते तुम्हीच."

तिचा जीव भांड्यात पडला.

"आता नवा नकाशा... एकट्याने नाही जमायचा. याल सोबत?"

"कामासाठी विचारताय?"

"नुसत्या कामासाठी असतं, तर साहेबांना विचारलं असतं."

ती कठड्याला धरून थांबली. गाल तापले होते, हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"मग आधी हे अहो-जाहो बंद कर," ती म्हणाली.