हळद लागलेलं इंजन

त्या वर्षी लातूर जिल्हा नवा होता आणि आभाळ मात्र जुनंच, कोरडं ठणठणीत. दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून 'जि. लातूर' लिहायचं काम जोरात चाललं होतं. पण पेंटरच उन्हानं इतके वाळले, की कित्येक पाट्या 'जि. ला' इथंच थांबल्या. मांजरा नदीतले बेडूक टँकरमागं रांगेत उभे राहत, आणि मध्ये घुसले की बायका त्यांना खडसावत. मी डोळ्यांनी पाहिलंय. खोटं वाटत असेल तर त्या बेडकांना विचारा. घरी आलेल्या पाहुण्याला चहा विचारीत, पाणी विचारायची छाती कुणाची नसे.

अशा त्या दिवसांत, दसरा नुकताच झालेला असताना, गंजगोलाईतल्या एका रेडिओच्या दुकानात सिंधु सूर्यवंशी शिरली. भर दुपार. छातीशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं गाठोडं, आणि ते तिनं असं जपून धरलेलं, की दुकानातल्या एकुलत्या एका स्टुलावर बसलेला तरुण झटक्यानं उठला.

"बसा, बसा बाई. उन्हाचं कशाला आणलंत लेकराला बाहेर? तोंडावरचा पदर काढा जरा, जीव गुदमरंल."

सिंधुनं पदर काढला. आतून काळंभोर, वीतभर लांबीचं रेल्वेचं इंजन बाहेर आलं.

तरुण हसला... आणि हसताना त्याच्या गालाला पडलेली खळी पाहून सिंधु आपण कशाला आलो तेच क्षणभर विसरली. पोरींनो, खळी ही फार वाईट गोष्ट असते.

"लेकरू बापावर गेलेलं दिसून राहिलंय," तो म्हणाला.

"चेष्टा पुरे. दुकानदार कुठं आहेत? हे चालत नाही."

"ते जेवायला गेलेत. मी नांदेडचा. नरसिंग सोनकांबळे. तिकडं माझं पंखे, टेप दुरुस्तीचं दुकान हाय, इथं तांब्याची तार घ्यायला आलोय. पण नाडी बघतो की."

त्यानं इंजन उताणं केलं, काउंटरवरच्या बॅटरीच्या दोन तारा चाकांना लावल्या. चाकं भर्रकन फिरली!

"बघा. लेकरू ठणठणीत हाय. खराबी सासरी हाय."

"सासरी?"

"रुळात, बाई. रूळ कुठं हायेत?"

रूळ शाळेत होते. सिंधु मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची. आप्पासाहेब आडत्यांनी मुलासाठी त्याच्या लहानपणी परदेशातून आणवलेली ही खेळण्यातली रेल्वे, तो मोठा झाल्यावर, त्यांनी शाळेला देऊन टाकली होती. सव्वीस जानेवारीला नव्या जिल्ह्याचं मोठं प्रदर्शन भरणार होतं, त्यात ती चालवून दाखवायची असं मुख्याध्यापिका सुमनबाईंनी ठरवलं होतं. आणि दसऱ्यापासून इंजन देवणी बैल रुसावा तसं जागेवर रुसून बसलं होतं.

नरसिंग शाळेत आला. खिशातून टॉर्चचा छोटा बल्ब काढून त्याच्या तारा त्यानं रुळांच्या कडांना टेकवल्या. बल्ब लागला. रुळांच्या माथ्यावर टेकवल्या. बल्ब विझला. मग त्यानं रुळावरून बोट फिरवलं आणि ते सिंधुसमोर धरलं. बोट पिवळंलाल झालं होतं.

"हे काय?"

दाराशी उभी असलेली शिपाई विठाबाई अभिमानानं पुढं आली. "म्या केली पूजा! खंडेनवमीला सगळ्या हत्यारा-मशिनींची केली. शिवणयंत्राची, घंटेची, ह्या गाडीची बी. हळदीकुंकू तेलात कालवून रुळाला चांगलं बोटबोट लावलं. कुठं सुकं राह्यलं न्हाई."

नरसिंगनं हात जोडले. "मावशी, इंजन करंट खातं रुळातून. तुमी त्याच्या ताटावरच झाकण ठिवलं की!"

स्पिरिटच्या बोळ्यानं त्यानं रूळ आणि चाकं पुसली. इंजन निघालं. सिंधु टाळी वाजवायला गेली आणि अर्ध्यातच थांबली, कारण तो इंजनाकडं बघतच नव्हता.

"पुन्हा बिघडलं तर?" तिनं विचारलं.

"नांदेडच्या गाडीचे कंडक्टर शेषेराव माझ्या वळखीचे हायेत. निरोप द्या. येतो."

दिवाळीनंतर पुन्हा बिघडलं. शपथेवर सांगतो, त्यात सिंधुचा काही हात नव्हता. तिनं स्टँडवर जाऊन निरोप दिला, आणि शेषेरावांनी तिकिटाची पेटी काखेत मारत तो ऐकून घेतला.

"आजारी पडलं का इंजन? की माणूस?"

"इंजन!"

"हां. मी इंजनच सांगतो."

या खेपेला बल्ब रुळांवर झक्क लागला. मग नरसिंगनं इंजनाचा तळ उघडला, चिमट्यानं चाकांच्या दांड्यात अडकलेलं काहीतरी ओढलं आणि ओढतच राहिला. एक लांब, काळा केस... निघता निघेना. तो केस इतका लांब होता, की त्याचं एक टोक प्रयोगशाळेत आणि दुसरं पार गंजगोलाईत होतं, असं मी सांगत असतो. पण हाताएवढा तर नक्की होता.

"कुणाचा असंल हो?"

"मुलींची शाळा आहे. कुणाचाही असेल," सिंधु खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"मापून बघू का?"

"काही गरज नाही मापून बघायची!" तिनं वेणी चटकन पुढं घेतली.

तो हसला नाही. केस बोटाभोवती गुंडाळून त्यानं शर्टाच्या खिशात ठेवला.

"तो कशाला घेताय?"

"निघालेला जुना पार्ट कारागिराचा असतो, बाई. धंद्याची रीत हाय."

सिंधु वळली. आत गेली आणि काठोकाठ भरलेला पेला घेऊन आली. त्या लातुरात काठोकाठ पेला म्हणजे काय, हे आजच्या पोरांना कसं सांगावं! तिनं सकाळीच घरून, स्वतःच्या वाट्याचं पाणी बाटलीत आणलं होतं. नरसिंग अर्धं प्याला, अर्धं त्यानं परत केलं. तो इंजनावर वाकला तेव्हा त्याच पेल्यातून ती उरलेलं प्याली, सावकाश, घोट घोट... आणि इंजनाच्या पितळी घुमटात त्याला ते सगळं दिसत होतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मात्र इंजन बिघडायचं नाव घेईना.

सिंधु रोज ते चालवून बघायची. रोज चालायचं. गोल गोल, गुणी बाळासारखं. दुपारी स्टँडवरून नांदेडच्या गाडीचा हॉर्न आला की तिचे हात थांबायचे. मुली विचारायच्या, "बाई, काय झालं?" ती म्हणायची, "काही नाही. धूळ गेली डोळ्यात." धूळ त्या वर्षी होतीच म्हणा, लई होती.

संक्रांत झाली. आणि एका सकाळी सिंधुनं घरून कागदाच्या पुडीत चिमूटभर हळद आणली, तेलाच्या थेंबात कालवली, आणि कुणी बघत नाही असं पाहून बोटानं रुळावर लावली. फार नाही... एका वळणापुरतीच.

सुमनबाई वैतागल्या. "सिंधुताई, ही शेवटची खेप हं. प्रदर्शनाला चार दिवस नाहीत. आता नाही चाललं तर आप्पासाहेबांना परत देऊन टाकू, पुन्हा नांदेडला निरोप नको."

नरसिंग आला. बल्ब टेकवायच्या आधीच त्यानं त्या वळणावर बोट फिरवलं. बराच वेळ बोटाकडं बघत राहिला.

"मावशी, आता कोणती नवमी होती?"

"मी न्हाई बाई हात लावला!" विठाबाई कानाला हात लावत निघून गेली.

"संक्रांतीचं हळदीकुंकू होतं शाळेत," सिंधु घाईनं म्हणाली. "सांडली असेल."

"रुळावरच? एका रेघंत?"

सिंधुनं हात पाठीमागं नेला. उशीर झाला होता. पहिल्या बोटाचं नख पिवळं होतं, आणि ते त्यानं पाहिलं होतं.

नरसिंग हलक्या आवाजात म्हणाला, "हळद लागली की नवरदेव गावची येस ओलांडत न्हाई म्हणतेत. म्हणून ह्यो बी अडून बसला."

"मग... राहू द्या ना त्याला. इथंच."

बोलून गेली, आणि कानाच्या पाळ्या तापल्या. आता तो काहीतरी म्हणेल... म्हणेलच. पण नरसिंग एकदम गंभीर झाला. खाली बसला आणि कामाला लागला. रूळ पुसले, एकेक सांधा घासून डाख दिला, चाकं उतरवून धुतली, मोटारीत नवे ब्रश बसवले. ऊन कलेपर्यंत मान वर केली नाही. मग स्पिरिटची बाटली आणि बल्ब तिच्यापुढं ठेवला. कसं तपासायचं, कसं पुसायचं, सगळं समजावून सांगितलं.

"आता पक्कं झालं. मला बोलवायचं काम पडणार न्हाई."

"बरं," सिंधु म्हणाली.

एवढंच म्हणाली. त्यानं पिशवी उचलली, दाराशी थबकला... आणि गेला.

प्रदर्शनात इंजनानं कमाल केली. कलेक्टरसाहेब खाली वाकून बघत राहिले, शिरूर अनंतपाळहून बैलगाड्या भरून माणसं आली, आणि गाडीला तिकीट किती असं एका म्हातारीनं विचारलं. इंजन एकदाही थांबलं नाही. प्रत्येक फेरीला सिंधुला वाटायचं, थांब की रे मेल्या, एकदा तरी थांब! पुडी तिच्या पर्समध्ये होती. पण त्यानं इतक्या निगुतीनं केलेल्या कामाला बोट लावायला तिचा हात धजेना. तो आता येऊ इच्छित नाही, हे त्यानं कामातून सांगितलं होतं. आणि काय सांगायला हवं?

स्टँडवरून जाताना शेषेराव हाक मारायचे. "बाई, निरोप?"

"नाही. चालून राहिलंय."

"लई दिवस झाले चालून राहिलंय म्हणा की..." आणि ते उगाच घंटीची दोरी ओढायचे.

शिमगा जवळ आला. एका रविवारी सिंधु आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे वडील लिंबाजी, रेल्वेच्या छोट्या लाईनवर जन्मभर गँगमन म्हणून राबून आता निवृत्त झालेले, ओट्यावर बसले होते. बाहेरून आवाज आला.

"जय भीम, काका."

घडी तिच्या हातातच राहिली.

"जय भीम. कोण म्हणायचं?"

"नरसिंग. लिंबगावच्या साहेबराव सोनकांबळेचा पोरगा. नांदेडला असतो."

"शाळंतलं इंजन नीट करणारा तूच न्हवं? पोरगी सांगत होती. मंग आता काय बिघडलं?"

"काही न्हाई."

"हत्याराची पिशवी कुठं हाय?"

"आणली न्हाई."

लिंबाजींनी त्याला खालून वर न्याहाळलं. परीटघडीचा सदरा, तेल लावून बसवलेले केस, आणि अशा उन्हात पायात मोजे.

"काम चालू होतं तवर मला येता येत नव्हतं, काका," नरसिंग म्हणाला. "आलो असतो तर कारागीर म्हणून दारातच चहा दिला असता तुमी, अन् मजुरी विचारली असती. म्हणून आधी काम संपवलं. पार संपवलं. कुणी बोलवू नये असं."

"मंग आता काय म्हणून आलास?"

त्यानं एकदा रस्त्याकडं पाहिलं, एकदा मोज्यांकडं. "मी... म्हणजे तुमची हरकत... तसं काही न्हाई, पण..."

आतला पडदा सरकला. सिंधु दारात आली. केस विस्कटलेले, खांद्यावर अर्धी घडी घातलेली चादर.

"मला बघायला आलेत, आबा."

लिंबाजी वळले. अशी गोष्ट पोरीनं स्वतः सांगायची रीत त्यांच्या सात पिढ्यांत नव्हती. "बघायला? अशी? बरं... मंग आत जा, नीट साडी नेस, चहा घेऊन ये. त्याला बघू दे, मंग काय ते विचारू."

"नको," सिंधु म्हणाली, आणि नरसिंगकडं बघतच चादरीची उरलेली घडी घातली. "मी बघितलंय त्यांना. मला पसंत आहेत."