अण्णा वर आहेत

हे खरं घडलंय. माझ्यासोबत. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

बंगळुरूत, बनशंकरीच्या पुढे आमचा टीव्हीचा टॉवर आहे. नेमकी जागा सांगणार नाही, नोकरी अजून तिथेच आहे. घरच्या साध्या अँटेनावर फुकट दिसणारी तीन चॅनेलं या एकाच टॉवरवरून जायची. खर्च तिघांत वाटलेला. गेल्या वर्षी एक चॅनेल बाहेर पडलं आणि खर्च वाचवायला सगळ्यात आधी माणसं कमी केली. दोघांच्या ड्यूटीवर आता एकच.

टॉवरवर चढायचे गुरुप्रसाद. तीन पिढ्या इथेच राहिलेलं मराठी घर. मी त्यांना अण्णा म्हणायचे. मी वयाने लहान, तरी ते मला अक्का म्हणायचे.

ते वर असताना ट्रान्समिटर बंद ठेवायचा. नाहीतर वरचा माणूस भाजतो.

सात मार्च. दुपारचे तीन. काम आटोपून अण्णा माझ्यासमोर ताक पीत बसले होते. मी स्विचकडे हात नेला...

वॉकीटॉकी खरखरला.

"अक्का, मी वर आहे. स्वल्प थांबा."

अण्णांचाच आवाज. धाप लागलेला.

मी समोर पाहिलं. ते ताकच पीत होते. त्यांचा वॉकीटॉकी टेबलावर... बंद.

त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. ऊन लागलंय तुम्हाला, म्हणाले. मी ट्रान्समिटर चालू केला. काहीच झालं नाही. मला माझीच लाज वाटली.

एकोणीस मार्चला चुलत बहिणीचा साखरपुडा होता. मी दुसऱ्या पाळीच्या रघुनंदनशी ड्यूटी बदलली. अण्णांना सांगायचं राहून गेलं.

त्या दुपारी रघुनंदन एकटाच फोनही घेत होता. त्याला वाटलं, अण्णा उतरले.

त्याने स्विच चालू केला.

अण्णा वरून पडले. गेले.

चौकशीत तो रडत एकच सांगत होता, वॉकीटॉकीवर आवाज आलाच नाही. वॉकीटॉकीचं रेकॉर्डिंग तपासलं. अण्णांचा एक शब्दही नाही.

माझा त्याच्यावर विश्वास आहे. अण्णांना वाटलं, खाली मी आहे. त्यांनी मलाच हाक मारली. ती मला बारा दिवस आधी ऐकू आली... आणि मी स्विच चालू केला होता.

आता चढायला दामोदर येतो. नवा आहे, नुकतंच लग्न झालंय.

काल तो खाली उतरून माझ्यासमोर हात पुसत उभा होता. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला...

मी घाबरून तो बंद केला.

कुणाचा आवाज होता, काय सांगणार होता, मला माहीत नाही. उद्या दामोदर परत चढणार आहे.